आगमनाचे साधन : पायी

४ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी साळ्याच्या कृषी केंद्रातली. प्रत्येक पानाखाली कपाशीच्या बियाण्याची जाहिरात आहे. सात महिने कोरी पडून होती. आज उघडली, कारण मनातलं बोलायला घरात जागा नाही. बायकोला, शकूला, काही सांगितलं की ती आधी हसते आणि मग विचारते, काय म्हणत होतात?

ठरवलं आहे की इथं शुद्ध मराठीत लिहायचं. मी, किसनराव भोयर, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापडी पिशव्यांच्या कारखान्यात कामगार अधिकारी आहे. एकवीस वर्षं झाली. भाषा हुद्द्याला शोभली पाहिजे.

आज मालकांनी, रजतशेठनं, केबिनमध्ये बोलावलं. आपल्या पिशव्या घेणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं आहे. पिशवी कापसाची आहे, चांगलं आहे. पण ती शिवणारे कामगार कारखान्यात येतात कशानं, हे त्यांना पाहिजे. पेट्रोल जाळत येत असतील तर पिशवी कसली हिरवी? आता बोला! उद्या विचारतील, कामगार जेवतात काय.

आपले कामगार एकशे बारा. त्यातले सायकलनं, पायी किंवा बसनं येणारे मोजून बारा. म्हणजे अकरा टक्के. बाकी सगळे मोटरसायकलवर, तेही तिघं-तिघं. बायांना नवरे सोडून जातात आणि संध्याकाळी न्यायला येतात, म्हणजे एका बाईपायी चार चकरा. ऑक्टोबरमध्ये त्यांचं माणूस तपासायला येणार, तोवर साठ टक्के पाहिजेत.

"आणि नाही झाले तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तर किसनराव, केळापूरचं गोदाम तुम्ही बघा," शेठ म्हणाले, आणि मोबाइल पाहू लागले.

केळापूर इथून सत्तर किलोमीटर. शकूची शिवणाची गिऱ्हाईकं इथं, पोरीचं, प्रेरणाचं, कॉलेज इथं, बिऱ्हाड काही हलणार नाही. म्हणजे मी रोज जाऊन-येऊन एकशे चाळीस. याच्या आधी ज्याला तिकडं पाठवला, तो आता गोदामातल्या मांजरींशी बोलतो म्हणतात. हवा स्वच्छ करायला जमलं नाही म्हणून मी रोज एकशे चाळीस किलोमीटर धूर सोडत हिंडायचं, हे शेठच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. एकवीस वर्षांत शेठला मी 'पण' म्हटलेलं नाही, ना यांच्या वडिलांना, थोरल्या शेठला, ना यांना.

६ ऑगस्ट, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत सभा घेतली. पृथ्वी, ओझोन, पुढच्या पिढ्या, सगळं बोललो. चाळीस मिनिटं. पिंटू नावाचा कटिंगचा पोरगा बसल्या जागी झोपला. शेवटी विचारलं, कोणाला काही शंका?

शिलाई विभागातली बिजलीबाई आडे उठली. ही तांड्यावरून येते, चौदा किलोमीटर. कामाला एक नंबर, तोंडाला दोन नंबर.

"साहेब, भोंगा आठले वाजते. बस फाट्यावर येते आठ दहाले. पाच मिनिटं उशीर झाला तं तुमी अर्धा रोज कापता. भोंगा उलसक पुढं सरकवा ना. बसमंदी आमा बायायले अर्धं तिकीट हाय, आमाले कायले पायजे मोटरसायकल?"

मी म्हटलं, बाई, आपण पर्यावरणावर बोलत आहोत, भोंग्यावर नाही. विषयाशी संबंध नसलेल्या सूचना नकोत. भोंगा आठला वाजतो म्हणजे आठला वाजतो. थोरल्या शेठच्या काळापासून वाजतो. अर्धं लोहारा त्यावर घड्याळ लावतं, आमची शकू त्यावर कुकर उतरवते.

११ ऑगस्ट, सोमवार

आजपासून उपाय लागू. एक : मोटरसायकल स्टँडला कुलूप. कारखान्याच्या आवारात कामगाराची मोटरसायकल येणार नाही. दोन : महिनाभर हिरव्या मार्गानं येणाऱ्याला स्टीलचा डबा, झाकणावर कंपनीचं नाव. तीन : गेटवरच्या रजिस्टरात नवा रकाना, 'आगमनाचे साधन'. तो रोज नेमसिंग भरणार, रिकामा ठेवायचा नाही अशी ताकीद दिली. नेमसिंग आमचा चौकीदार, एकोणतीस वर्षं गेटवर आहे, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि तोंडाला कुलूप.

माझी मोटरसायकल मागच्या गेटनं आत येईल. माझं घर दीड किलोमीटरवर आहे हे खरं, पण माझा उजवा गुडघा, म्हणजे आमच्याकडचा टोंगळा, धड नाही. शिवाय अधिकारी सायकलवर धापा टाकत आला तर शिस्त काय राहणार? नेमसिंगनं विचारलं, "तुमचं काय लिहू?" मी म्हटलं, माझं लिहायचं नाही, मी लिहवून घेणारा.

१८ ऑगस्ट, सोमवार

कठीण आहे. आठवड्यात बाराचे चौदा झाले. आणि मोटरसायकली गेटाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लावतात, ट्रक वळेना. शेठ खिडकीतून पाहून गेले. त्यांचं असं पाहणं फार वाईट.

दुपारी फाट्यावर अन्सारच्या सायकल दुकानात गेलो. फाटा म्हणजे कारखान्यापासून पाऊण किलोमीटर, तिथं एसटी थांबते. अन्सारचं दुकान केवढं, तर एक टपरी, एक पंप आणि एक पाण्याचं घमेलं. त्याला म्हटलं, कामगारांच्या जुन्या सायकली काढून स्वस्तात दुरुस्त करून दे बाबा, माझी नोकरी वाचव. केळापूरचं पण सांगून टाकलं. ट्यूब घासता घासता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुमी फकत गेट बंद ठेवा. रोडवरबी गाडी लावू देऊ नका. सायकलीचं मी पाहतो, तुमी टेन्शन लेऊ नका."

भला माणूस. मी रस्त्यावरही गाडी लावायला बंदीची नोटीस काढली.

२५ ऑगस्ट, सोमवार

अरे बाप्पा! आज सकाळी गेटवर उभा होतो. पावणेआठपासून सायकलींची रांग! चाळीस तरी असतील, त्यातल्या कित्येक डबलसीट. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला लिहू. लोकांना समजत नाही म्हणतात. अहो, समजावणारा पाहिजे. माझं चाळीस मिनिटांचं भाषण वाया गेलं नाही.

काही गोष्टी टिपून ठेवतो. सगळ्या सायकली साधारण सारख्या, काळ्या, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडा. ही एकजूट. दुसरं, बरेच जण सायकलवर हेल्मेट घेऊन येतात, कोणी डोक्यावर, कोणी कोपरात अडकवलेलं. इतकी सुरक्षेची जाणीव मी शहरात पाहिली नाही. तिसरं, पिंटू सोळा किलोमीटरवरून येतो आणि शर्टाची इस्त्री मोडलेली नसते.

हे सगळं शकूला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, काय म्हणत होतात?

२ सप्टेंबर, मंगळवार

बायांचा आकडाही वाढला. रजिस्टर पाहिलं तर बिजलीबाईपुढं आठ दिवस सलग 'पायी'. चौदा किलोमीटर! म्हणजे बाई पहाटे पाचला निघत असेल. मी मुद्दाम तिच्या मशीनजवळ गेलो. चपलेला धूळ नाही, कपाळाला घाम नाही. तांड्यावरची काटक माणसं, आपल्यासारखी नाहीत ती. 'हरित वीर' म्हणून फळ्यावर तिचा फोटो लावला, खाली लिहिलं : 'रोज अठ्ठावीस किलोमीटर पायी'. तिनं फोटोकडं बराच वेळ पाहिलं. पदर तोंडाला लावून पाहिलं, बहुतेक भारावली असावी.

मग म्हणाली, "साहेब, फोटो राहू द्या. भोंग्याचं शेठच्या कानावर घाला."

पुन्हा भोंगा! मी सांगितलं, तो थोरल्या शेठची आठवण आहे, त्याला हात लावायचा नाही.

"मंग थोरल्या शेठच्या फोटोले हार घाला ना. भोंग्याले कायले घालून राह्यले?"

एवढं चालून येते आणि वर तोंडही चालतं. धन्य आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

अन्सारची भरभराट पाहून बरं वाटलं. टपरीच्या मागं मोठा टिनाचा शेड टाकला आहे, तीन बाजूंनी ताडपत्री. बायको जैनबबी दाराशी स्टूल टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्र्याचे बिल्ले देते. बाभुळगावहून टेम्पो भरून जुन्या सायकली आणल्या म्हणे. एका योजनेनं किती जणांना रोजगार मिळतो पाहा. शेठला सांगितलं पाहिजे.

माझ्या मोटरसायकलचं पंक्चर काढलं, पैसे घेईना. "तुमच्याकून कसे घेऊ साहेब? तुमची मेहेरबानी हाय." वर चहा पाजला. ताडपत्रीच्या फटीतून मला आत मोटरसायकली दिसल्या, एकीला एक खेटून, चाळीस-पन्नास. विचारलं तर म्हणाला रिपेरिंगच्या आहेत. म्हटलं इतक्या? म्हणाला, रोज संध्याकाळी दुरुस्त होऊन जातात, सकाळी पुन्हा येतात. हल्लीच्या गाड्यांत दमच नाही. माझी पंधरा वर्षांची आहे, अजून कुरकुर नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

चौऱ्याण्णव टक्के! साठ मागितले होते. शेठनं पाठीवर थाप मारली. एकवीस वर्षांत पहिली. केळापूरचं नाव निघालं नाही, आणि मीही काढलं नाही.

परदेशी कंपनीच्या तपासणीला सुरभी मॅडम येणार, १ ऑक्टोबरला. त्या दिवशी खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती एकदम, म्हणजे एक सुट्टी बुडाली, त्यावरून कामगार आधीच नाराज आहेत. आपल्याकडं दरवर्षी खंडेनवमीला मशिनींची पूजा होते आणि आवारात कामगारांच्या वाहनांची. शेठ स्वतः प्रत्येक वाहनाला हार घालतात, चाकापुढं नारळ फुटतो. ही पूजा कोणी चुकवत नाही. तीन वर्षांमागं एकानं चुकवली आणि दिवाळीत पुलावरून घसरला, ते अजून सांगतात.

मला एकदम सुचलं! मॅडम येतील तेव्हा आवारात हार घातलेल्या सायकलींची रांग असेल. फोटो परदेशात जाईल. ताबडतोब नोटीस लिहिली : 'परंपरेप्रमाणे प्रत्येकानं आपलं वाहन पूजेला आणावं.'

नोटीस चिकटवताना नेमसिंग पहिल्यांदा आपण होऊन बोलला. "साहेब, यंदा पूजा राहू देता काय?"

मी चाटच पडलो. एकोणतीस वर्षं गेटवर असलेला माणूस, आणि पूजा चुकवायला सांगतो! वय झालं त्याचं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सायकलच्या हँडलला बसतील असे लहान हार सांगितले, शंभर. नारळ आले. स्टँडचं कुलूप काढलं, झाडून घेतलं, चुन्यानं सायकलीच्या रुंदीचे पट्टे मारले.

सुट्टी होताना बिजलीबाई आली. हात जोडून म्हणाली, "साहेब, उद्याचं काई खरं दिसत नाई. आजच्या आज भोंग्याचं शेठले सांगा. मंग काई झालं तरी तुमच्या आंगावर येनार नाई."

मी म्हटलं, बाई, उद्या आनंदाचा दिवस आहे, हे भोंग्याचं वेड सोडा.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज शुद्ध-बिद्ध काही होणार नाही. जसं येते तसं लिहितो.

सुरभी मॅडम साडेसातले आल्या. यवतमाळपर्यंत एसटीनं, पुढं ऑटोनं. साधी बाई, पाठीवर पिशवी. शेठबी आज लवकर आले, पांढरा कुर्ता घालून. मी दोघांच्या मधी उभा, हातात हाराची टोपली. मॅडमले म्हटलं, आता पाहा.

पहिल्यांदा पिंटू आला. लाल मोटरसायकलवर. धुतलेली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. मले वाटलं, एखादा असते वाट चुकलेला. त्याच्या मागून दुसरी, मग तिसरी. मग निरा धाडच! हॉर्न वाजवत, झेंडूच्या माळा लावून, तिघं-तिघं. माझ्या पट्ट्यात एकबी मावेना. त्रेसष्ट मोटरसायकली मोजल्या म्या, पुढं मोजणं सोडलं. आपली गाडी सोडून भाड्याच्या सायकलीले नारळ कोण फोडते? हे मले नोटीस लिहिताना समजायले पाहिजे होतं. मी बी तं दर साली माझीच आणतो.

बिजलीबाई नवऱ्याच्या मागं बसून आली. त्यानं, प्रेमसिंगनं, गाडी बरोबर 'हरित वीर' फळ्याखाली लावली. वर तिचा फोटो, खाली ती सोता, मोटरसायकलवर.

सगळ्यायच्या शेवटी अन्सार. हातगाड्यावर दहा सायकली रचल्या, मागं त्याचा मुलगा आसिम आणखी दोन ढकलत. घामाघूम.

"साहेब, यायलेबी एकेक हार टाका. तुमचं काम तं यायनंच केलं."

झालं! उलसं जे झाकलं होतं, तेबी उघडं पडलं. सगळे मोटरसायकल त्याच्या शेडात ठेवायचे, बिल्ला घ्यायचे, आणि तेथून पाऊण किलोमीटर सायकलनं. बाया नवऱ्याच्या गाडीवरून तेथीच उतरायच्या आणि चालत यायच्या. सव्वा महिना. आणि मी रोज गेटवर डोळे पुसून राह्यलतो!

मॅडमनं फळा वाचला आणि बिजलीबाईले विचारलं, "मावशी, तुम्ही रोज अठ्ठावीस किलोमीटर चालता?"

"कोनं सांगतलं? आमी अन्सारभाऊच्या दुकानापासून चालतो."

कोणी हसलं नाही. शेठच्या हातात हार तसाच. चेहरा असा, की नारळ माझ्याच डोक्यावर फुटते काय असं वाटलं.

"मावशी, मग बसनं का येत नाही?" मॅडमनं विचारलं. बाईनं सांगतलं. आठले भोंगा, आठ दहाले बस, पाच मिनिटाले अर्धा रोज.

"पंधरा-वीस मिनिटांची तर गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

शेठनंबी तेच विचारलं, "मला कोणी का नाही सांगितलं?"

बिजलीबाई चूप. मान खाली. तिनं माझं नाव घेतलं नाही. एवढी तोंडाळ बाई, आणि आज ओठ शिवून उभी. केळापूर डोळ्यापुढं होतं, मांजरीसकट. पण तोंडातून निघूनच गेलं,

"शेठ, बाईनं मले तीन डाव सांगतलं. म्या तुमाले सांगतलं नाई. चुकी माझी हाय."

शेठ माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "सोमवारपासून केळापूर. आणि भोंगा बाबांनी ठरवलेला आहे, तो हलणार नाही."

"बाबायनं नाई ठरवला, शेठ."

हे कोण बोललं म्हणून सगळे वळले, तं नेमसिंग! खर्रा थुंकून आलता, एवढी मोठी गोष्ट.

"मी नवीन होतो, हे साहेब यायच्या आधीची गोष्ट. थोरले शेठ सोता गेटवर उभे राहत. बसमधून उतरून बाया फाट्याकून येताना दिसल्या का मले म्हणत, नेमसिंग, दाब. तवा बस साडेसातनंतर यायची, म्हून भोंगा आठले वाजे. पुढं एसटीनं टाइम बदलला. तोवर थोरले शेठ गेलते. भोंगा तेथीच राहून गेला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" शेठचा आवाज चढला.

"कोनं इचारलं कुठं?"

शेठनं हातातला हार पाहिला. मग हातगाड्यावरच्या पहिल्या सायकलीच्या हँडलले घातला आणि आत निघून गेले. मोटरसायकलीचे हार मी आणि नेमसिंगनं घातले. एकबी पुरला नाही, आरशाले लटकवले. मॅडमनं कागदावर अकरा टक्के लिहून नेले. जाताना म्हणाल्या, खरा आकडा आहे, हा मी देऊ शकते. जानेवारीत परत येईन.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी ही डायरी पहिल्यापासून वाचली. ६ ऑगस्ट, २ सप्टेंबर, ३० सप्टेंबर. बाईनं जे सांगितलं ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, वर 'विषयाशी संबंध नाही' हेही माझंच. बाकीचं वाचताना लाज वाटली. हेल्मेटबद्दल काय लिहिलं होतं मी!

शकूला केळापूरचं सांगितलं. आज ती हसली नाही. म्हणाली, डबा पहाटे पाचला करून देईन. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी दारात मोटरसायकल थांबली. प्रेमसिंग आणि बिजलीबाई, सोनं द्यायला. आपट्याची पानं हातात ठेवून बाई पाया पडू लागली, मी मागं सरलो. विचारलं, "बाई, काल शेठपुढं माझं नाव काहून नाई घेतलं?"

"तुमी सोता घेता का ते पाहून राह्यलती. उलसक थांबली. नसतं घेतलं, तं म्या घेतलंच असतं."

शकू आतून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी केळापूरला निघायची तयारी. डबा, पाण्याची बाटली, टोंगळ्याचा पट्टा. बदलीच्या कागदावर शेठची सही लागेल म्हणून आधी कारखान्यात जायचं ठरवलं. आठ वाजायला आले. आठ वाजले. भोंगा नाही!

लोहाऱ्यात गोंधळ. शकूच्या कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, ती भोंग्याची वाट पाहतेच आहे. भाताचा लगदा झाला. शेजारचे मास्तर घड्याळ हलवून पाहत होते. मी गाडी काढली आणि कारखान्यावर गेलो.

गेटवर शेठ उभे. स्वतः. फाट्याकडं तोंड करून, डोळ्यांवर हात धरून. बाजूला नेमसिंग, बोट बटणावर. आठ दहाला फाट्यावर एसटी थांबली. बाया उतरल्या, काही चालत निघाल्या, काहींनी अन्सारकडून सायकली घेतल्या. चार-पाच जणी पोहोचल्या, बाकीच्या वळणावर दिसू लागल्या.

"नेमसिंग, दाब," शेठ म्हणाले.

आठ वीसला भोंगा वाजला. नेमसिंगनं डोळे पुसले, म्हणे खर्रा लागला. शेठ माझ्याकडं न पाहता बोलले, "सुट्टीही वीस मिनिटं उशिरा होईल, नोटीस काढा. जानेवारीत मॅडम येतील. तोवर केळापूर राहू द्या. पण किसनराव, यापुढं जे कानावर येईल ते त्याच दिवशी मला सांगायचं."

मी म्हटलं, "हो शेठ. पण..."

"पण काय?"

"नोटिशीत पाच मिनिटांचा अर्धा रोजही काढून टाकू का?"

शेठनं मान हलवली. हो का नाही ते समजलं नाही. मी हो धरून नोटीस काढली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बस भरून येते. कंडक्टर म्हणतो, लोहारा फाट्यावर अर्धी गाडी रिकामी होते. अन्सारच्या शेडात ताडपत्री निघाली, आता आत खरंच सायकली असतात. लांबच्या कारखान्यांतले लोकही उतरून त्याच्याकडून घेतात. पिंटूसारखे काही जण अजून मोटरसायकलवरच येतात, त्यांच्या गावाला बसच नाही. ते शेठला त्याच दिवशी सांगितलं.

आकडा अडुसष्ट टक्के. या वेळी मी फाट्यावर उभं राहून मोजला.

संध्याकाळी रजिस्टर चाळलं. बस, बस, सायकल, बस, पायी. मागच्या गेटचं वेगळं पान होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. तारीखवार एकच नाव, ऑगस्टपासून : 'किसनराव भोयर. अंतर दीड कि.मी. मोटरसायकल.'

"हे लिहायला कोणी सांगितलं?"

"तुमीच म्हटलं होतं, रकाना रिकामा ठेवायचा नाई." नेमसिंगनं खर्रा चोळता चोळता सांगितलं. "जानेवारीत मॅडम पाहतीन हे पान."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चालत गेलो. शकू फाटकापर्यंत आली, मागून म्हणाली, टोंगळा दुखला तर थांबजा, शरम करू नका. आठला निघालो. दीड किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, असा माझा हिशोब. टोंगळ्याचा हिशोब वेगळा निघाला. वळणावर पोहोचलो तेव्हा बसच्या बाया माझ्या पुढं होत्या आणि सायकलवाले घंटी वाजवत बाजूनं जात होते. पिंटू मोटरसायकल हळू करून म्हणाला, "साहेब, सोडू का?" मी त्याला हाकलला.

गेट पन्नास पावलांवर असताना नेमसिंगनं मला पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. आणि भोंगा दाबला!

मी दोन मिनिटं उशिरा आत आलो. शिलाईत सगळ्या मशिनी थांबलेल्या, बाया दाराकडं पाहतायत. मी घामानं निथळत उभा, चप्पल धुळीनं पांढरी. बिजलीबाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"साहेब, कुठून चालत आले? अन्सारभाऊच्या दुकानापासून?"

मग जे हसू फुटलं ते काय सांगू. मलाही आवरलं नाही.

रजिस्टरात नेमसिंगनं लिहिलं आहे : 'किसनराव भोयर. आगमनाचे साधन : पायी. उशीर : दोन मिनिटं.' खोडायला पेन काढला होता, मग खिशात ठेवला. उद्या पावणेआठला निघेन.